पहिली प्राईम लेन्स: ५० चा सल्ला आणि नागपूरची अंतरं

नागपुरात क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "५० एमएम एफ १.८ घेऊन टाक. स्वस्त आहे आणि मागचं सगळं मस्त ब्लर होतं." हा सल्ला जुना आहे. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यांसोबत बहुधा ५० चीच लेन्स यायची. पुढे डीएसएलआरच्या काळात कॅननची ५० एफ १.८ ही लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत अनेकांची पहिली प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, झाली. नंतर कॅमेऱ्यातला आरसा गेला, स्वस्त कॅमेऱ्यांत लहान सेन्सर रुळला, पण सल्ला तोच राहिला.

आज परिस्थिती वेगळी आहे. सोनी, फुजी, निकॉन आणि कॅनन या चारही कंपन्यांच्या क्रॉप कॅमेऱ्यांना चालणाऱ्या प्राईम लेन्स मिळतात. सिग्मा आणि व्हिल्ट्रॉक्ससारख्या बाहेरच्या कंपन्यांनी त्यात मोठी भर घातली आहे. पर्याय वाढले की चर्चा अ‍ॅपर्चरच्या आकड्याभोवती आणि शार्पनेसच्या तुलनांभोवती फिरू लागते. आपण फोटो काढताना कुठे उभे असतो, हा प्रश्न मागे पडतो. या आढाव्यात सुरुवात त्या प्रश्नापासूनच केली आहे.

क्रॉपमुळे काय बदलतं

फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. सोनी, फुजी आणि निकॉनचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, तर कॅननचा त्याहून किंचित लहान, सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटरचा. लेन्स तीच राहते, पण तिने टाकलेल्या प्रतिमेचा मधला भागच सेन्सरवर पडतो. म्हणून पहिल्या तीन कंपन्यांसाठी फोकल लेंग्थला १.५ ने आणि कॅननसाठी १.६ ने गुणतात. फिल्मच्या काळातली ५० इथे ७५ किंवा ८० सारखी वागते. म्हणजे 'सगळ्या कामाची' म्हणून सुचवलेली लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर चेहऱ्यांची लेन्स होते. जुन्या ५० चा दृश्यकोन हवा असेल तर क्रॉपवर ३३ ते ३५ घ्यावी लागते. जुन्या ३५ चा हवा असेल तर २३ किंवा २४.

अ‍ॅपर्चरबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. एफ १.४ ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावरही उजेडाच्या हिशेबात एफ १.४ च असते. शटर आणि आयएसओ तेच राहतात. फरक पडतो तो ब्लरमध्ये. तीच चौकट पकडली तर क्रॉपवर एफ १.४ ला मिळणारा ब्लर फुलफ्रेमवरच्या साधारण एफ २ इतका असतो. पोर्ट्रेटसाठी तेवढा भरपूर झाला.

अंतराचं गणित

लेन्स निवडताना कागदावर मांडता येईल असं एक सोपं गणित आहे. चौकटीत मावणारी रुंदी काढायची असेल तर आपल्यापासून विषयापर्यंतच्या अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं. सेन्सरची रुंदी २३.५ असल्यामुळे २३ च्या लेन्सला हे गणित तोंडी होतं: जितकं अंतर, तितकी रुंदी. तीन मीटरवर उभे राहिलात तर तीन मीटर रुंद दृश्य येईल. १६ ची लेन्स अंतराच्या दीडपट रुंदी घेते, ३५ ची दोन तृतीयांश, आणि ५६ ची जेमतेम दोन पंचमांश.

आता हे गणित नागपूरच्या घरात लावून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला टेकूनही तीन मीटरपेक्षा जास्त अंतर मिळत नाही. उभ्या चौकटीत माणूस पायापासून डोक्यापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर साधारण दोन मीटर उंची लागते. २३ च्या लेन्सने त्यासाठी दोन मीटर मागे जावं लागतं, ३५ ने तीन मीटर, आणि ५६ ने पावणेपाच मीटर. म्हणजे वाढदिवसाला, हळदीला, महालक्ष्म्यांच्या आरासीसमोर ५६ घेऊन उभा राहिलेला माणूस शेवटी दाराबाहेर जातो. ५० ची गतही फारशी निराळी नाही. तिला सव्वाचार मीटर लागतात. महाल, इतवारीच्या गल्ल्यांत तर मागे सरकायला जागाच नसते. पाठीमागून दुचाकी येत असते.

दीक्षाभूमीच्या स्तूपालाही हेच माप लागतं. घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट. २३ ने नुसता घुमट चौकटीत घ्यायला तितकंच, म्हणजे १२० फूट मागे यावं लागेल. १६ ने ८० फूट पुरतील. अशोक विजयादशमीच्या गर्दीत हा चाळीस फुटांचा फरक मोठा असतो.

उजेडाचं गणित

प्राईम घेण्याचं दुसरं कारण म्हणजे उजेड. सोनीची कॅमेऱ्यासोबत येणारी १६-५० किट लेन्स ५० वर गेली की एफ ५.६ वर येते. निकॉनची १६-५० आणि कॅननची १८-४५ या लांबच्या टोकाला एफ ६.३ होतात. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.४ सोळापट उजेड आत घेते. किट लेन्सने ६४०० आयएसओ लागत असेल, तिथे ४०० पुरतो. एफ १.८ घेतली तरी दहापट उजेड मिळतो, म्हणून १.४ आणि १.८ यांच्यातल्या फरकावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. किट लेन्सवरून कुठल्याही प्राईमवर येणं हीच खरी मोठी उडी आहे.

उघड्या अ‍ॅपर्चरची किंमतही मोजावी लागते. ५६ एफ १.४ ने दीड मीटरवरून चेहरा टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. चेहरा किंचित वळलेला असेल तर एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर येतो. जोडप्याचा किंवा तिघाचौघांचा फोटो एफ १.४ वर काढू नये, एफ २.८ किंवा ४ वर यावं. डोळा ओळखणारा ऑटोफोकस कितीही हुशार असला तरी भौतिकशास्त्र बदलत नाही.

मंगल कार्यालयात आणि सभागृहात आणखी एक अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर वेगात ठेवलं, विशेषतः आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० चा वेग. एवढ्या संथ शटरवर आयएसओ आटोक्यात ठेवायला प्राईमचा उजेड मदत करतोच. हलणारा हात मात्र धूसर येणार, हे मान्य करून चालावं.

कुठे कोणती

मारबतीची मिरवणूक घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, सोबत बडग्यांचेही असतात. दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे, पाऊस केव्हाही, गर्दी अंगावर, पुतळे उंच. इथे एफ १.४ चा काही उपयोग नाही. दिवसाउजेडी एफ ५.६ ते ८ लावूनच काम होतं. हवी ती रुंद लेन्स, १६ ते २३, आणि ती बदलावी लागू नये ही खबरदारी. गर्दीत सेन्सर उघडा करणं म्हणजे धुळीला आमंत्रण. फुजीची २३ एफ २ डब्ल्यूआर आणि सोबत सीलिंग असलेली बॉडी हा या कामासाठी चांगला जोड आहे.

दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखोंच्या गर्दीत चेहरे टिपायचे असतील तर मोह लांबच्या लेन्सचा होतो. पण २३ ने फोटो काढणाऱ्याला समोरच्यापासून दोन मीटरवर उभं राहावं लागतं. समोरचा आपल्याला पाहतो, नजरेने होकार देतो किंवा मान वळवतो. श्रद्धेने आलेल्या माणसाचा फोटो त्याला न कळता काढण्यापेक्षा हा मार्ग बरा, आणि फोटोही असेच जास्त बोलतात.

कविवर्य सुरेश भट सभागृहात किंवा वसंतराव देशपांडे सभागृहात नाटक-गाणं टिपायचं असेल तर गणित उलटं होतं. पुढच्या रांगांतून आठ मीटरवरच्या रंगमंचाकडे पाहताना ५६ ची लेन्स साडेतीन मीटरची रुंदी घेते. गायक, तबलजी आणि संवादिनीवाला एका चौकटीत येतात. इथे ५६ एफ १.४ ला तोड नाही. एकटा गायक जवळून हवा असेल तर व्हिल्ट्रॉक्सची ७५ एफ १.२ आहे, पण ती अर्ध्या किलोहून जड आहे आणि छोट्या बॉडीवर पुढे झुकते.

नागपूरकराचा पुढचा प्रश्न ठरलेला: ताडोब्याला काय न्यायचं? उत्तर स्पष्ट आहे. वाघासाठी परवडणारी प्राईम नाही. तिथे ७०-३००, ७०-३५० किंवा १००-४०० च्या झूम लागतात. क्रॉपचा दीडपट फायदा तिथे खऱ्या अर्थाने मिळतो. धुळीने भरलेल्या जिप्सीत लेन्स बदलत बसण्यापेक्षा झूम लावून ठेवावी.

पेंचची गोष्ट मात्र दुहेरी आहे. दिवसा तिथेही झूमच. पण जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आणि रात्रीच्या आकाशासाठी प्राईमसारखं दुसरं साधन नाही. सम्यांगची जुनी १२ एफ २ पूर्ण मॅन्युअल असली तरी ताऱ्यांसाठी ऑटोफोकस लागतच नाही. सिग्माची १६ एफ १.४ किट लेन्सच्या एफ ३.५ पेक्षा सहापटीहून जास्त उजेड घेते. तारे रेघेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून ५०० ला फोकल लेंग्थच्या दीडपटीने भागायचं: १२ ला साधारण २७ सेकंद, १६ ला २० सेकंद. ज्यांच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल जास्त आहेत त्यांनी याहून कमीच ठेवावं.

कंपनीनुसार काय मिळतं

सोनीचा ई-माउंट २०१० पासून बाजारात आहे, त्यामुळे निवड सर्वात मोठी. ए६४०० आणि झेडव्ही-ई१० या लोकप्रिय बॉडींमध्ये स्टॅबिलायझेशन नाही; ए६७०० मध्ये आहे. ज्यांच्या बॉडीत ते नाही त्यांनी सोनीची ३५ एफ १.८ ओएसएस जरूर पाहावी. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन. सिग्माच्या १६, २३, ३० आणि ५६ या चारही एफ १.४ लेन्समध्ये ते नाही, पण काच उत्तम आहे. ३० ची २०१६ मध्ये आली, २३ ची सर्वात उशिरा, २०२३ मध्ये. व्हिडिओसाठी, हातात कॅमेरा धरून त्याच्याशी बोलणाऱ्यांसाठी सोनीची ११ एफ १.८ उपयोगी पडते.

फुजीने क्रॉप सेन्सरलाच आपलं मुख्य घर मानलं, आणि ते लेन्सच्या यादीत दिसतं. २०१२ मध्ये एक्स-प्रो१ सोबत तीन प्राईम आल्या: १८ एफ २, ३५ एफ १.४ आणि ६० एफ २.४ मॅक्रो. पुढे २३, ३५ आणि ५० च्या एफ २ डब्ल्यूआर लेन्स आल्या: हलक्या, सीलिंग असलेल्या, ऑटोफोकस जलद. नागपूरच्या पावसाळ्यासाठी आणि धुळीसाठी ही मालिका सर्वात समजूतदार खरेदी आहे. एफ १.४ च्या नव्या लेन्स अधिक चांगल्या आहेत, पण किंमत दुपटीच्या घरात नेतात. जुनी ३५ एफ १.४ आजही अनेकांना तिच्या चित्राच्या पोतासाठी आवडते. तिचा ऑटोफोकस मात्र आवाज करतो आणि संथ आहे.

निकॉनचे झेड५०, झेडएफसी आणि झेड३० वापरणाऱ्यांना क्रॉपसाठी खास प्राईम बराच काळ मिळाली नाही. २०२३ मध्ये २४ एफ १.७ आली आणि ती उणीव भरून निघाली. १३५ ग्रॅमची ही लेन्स या आढाव्याच्या निष्कर्षाशी नेमकी जुळते. ४० एफ २ ही फुलफ्रेमची लेन्स क्रॉपवर ६० सारखी वागते. घरात थोडी लांब, बाहेर छान. त्याच वर्षी सिग्माच्या १६, ३० आणि ५६ याही निकॉनसाठी आल्या.

कॅननची गोष्ट सर्वात गुंतागुंतीची. आर५०, आर१० आणि आर७ या क्रॉप बॉडींसाठी कॅननने झूम दिल्या, प्राईमकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यामुळे लोक फुलफ्रेमची ५० एफ १.८ घेतात, आणि ती ८० होते. त्यांनी २८ एफ २.८ पाहावी. १२० ग्रॅम वजन, आणि क्रॉपवर ४५ च्या आसपास. बजेट वाढवता येत असेल तर २४ एफ १.८ मॅक्रो ही फार उपयोगी लेन्स आहे: तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, जे आर५० आणि आर१० मध्ये नाही, शिवाय दागिना किंवा फूल अर्ध्या आकारापर्यंत जवळून टिपता येतं. बाहेरच्या कंपन्यांना कॅननने आरएफ माउंटवर क्रॉपच्या ऑटोफोकस लेन्स करू दिल्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली, आणि सिग्माच्या एफ १.४ मालिकेची वाट मोकळी झाली.

जुन्या मॅन्युअल लेन्सचाही एक वर्ग आहे. वडिलांच्या कपाटातली निक्कोर ५० किंवा रशियन हेलिओस ५८ अ‍ॅडॅप्टर लावून बसते, कारण मिररलेसमध्ये माउंट आणि सेन्सर यांच्यातलं अंतर फार कमी असतं: निकॉन झेडला १६ मिलिमीटर, सोनीला १८, कॅनन आरएफला २०. शिकायला हे उत्तम. पण या सगळ्या क्रॉपवर लांब होतात, आणि पळणाऱ्या पोरामागे हाताने फोकस फिरवणं जमत नाही. हौस म्हणून घ्या, पहिली लेन्स म्हणून नको.

हवामान आणि सांभाळ

नागपूरची दोन टोकं लेन्सची परीक्षा घेतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोरडी हवा लेन्सला फारसा त्रास देत नाही. उन्हात उभ्या कारमध्ये ठेवलेली बॅग देते. घरोघरचा कुलर हा लपलेला शत्रू आहे. बाहेर हवा कोरडी असली तरी कुलरच्या झोतातली खोली दमट होते, आणि कॅमेऱ्याचं कपाट नेमकं त्याच खोलीत असतं. पावसाळ्यात तर बुरशी लागायला बंद बॅग आणि अंधार पुरेसा असतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरणं, एवढं केलं तरी पुष्कळ. जुलैत एसी खोलीतून थेट बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. बॅग दहा-पंधरा मिनिटं बंदच ठेवावी. सिग्माच्या १६ आणि ५६ ला माउंटपाशी रबरी कडं आहे, पण ते पूर्ण सीलिंग नव्हे, हे लक्षात असू द्या.

खरेदीआधी

एक रुपयाही न खर्चता करता येईल अशी चाचणी आधी करा. किट लेन्सचा झूम २३ वर आणून ठेवा आणि आठवडाभर तिथून हलवू नका. मग ३५ वर, मग ५० वर. कोणत्या आठवड्यात सारखं मागे सरकावं लागलं आणि कोणत्यात पुढे जावं लागलं, ते आपोआप कळतं. कॅमेऱ्यातले जुने फोटो उघडून त्यांची फोकल लेंग्थ पाहिली तर अंदाज आणखी पक्का होतो.

सीताबर्डीवर जाऊन घ्या किंवा ऑनलाइन मागवा, जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी यावर अडून राहा. ग्रे मार्केटची लेन्स काही हजारांनी स्वस्त पडते, पण मोटर बिघडली तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. वापरलेली लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा तिथेच सोडा. मग पसरलेलं वर्तमानपत्र भिंतीला लावून समोरून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच स्पष्ट हवेत. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे.

निष्कर्ष

एक लेन्स फार कमी वाटते असं कुणी म्हटलं तर त्याला सांगायला हवं की आपल्याकडे एकेकाळी अनेक घरांत असलेल्या अग्फा क्लिक-३ ला आणि छायाचित्रकारांच्या रोलीफ्लेक्सला लेन्स बदलायची सोयच नव्हती, आणि कामं अडली नाहीत. एका लेन्सची सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसू लागते. प्राईमचा खरा लाभ हाच आहे.

नागपुरातल्या क्रॉप कॅमेऱ्यासाठी पहिली प्राईम २३ ते २८ च्या दरम्यानची असावी: फुजीला २३ एफ २, निकॉनला २४ एफ १.७, सोनीला सिग्मा २३, कॅननला २४ किंवा २८. बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल आणि काम मुख्यतः घरातलं असेल, तर सोनीकरांनी ३५ ओएसएस घेतली तरी चालेल. दुसरी लेन्स ५० ते ५६ ची, तीही सभागृह, पोर्ट्रेट किंवा लग्नाचं काम हातात असेल तरच. तिसरी रुंद, ११ ते १६ ची, आकाशाची किंवा वास्तूंची ओढ असेल त्यांनी घ्यावी. ताडोब्यासाठी झूम. आणि ५० एफ १.८ चा सल्ला देणाऱ्या मित्राला एवढंच विचारा: फोटो काढताना मी उभा कुठे राहू?